कंडक्टरकाकांची कुरडई

आमच्या घरमालकांना मी बसलेलं कधी पाहिलं नाही. काही बोलायचं असलं की ते दारात यायचे, दोन्ही पाय फाकवून उभे राहायचे, एक हात वर करून चौकट धरायचे आणि मगच तोंड उघडायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, यांना चक्कर येतेय. मग कळलं, काकांचा उभा जन्म एसटीत कंडक्टर म्हणून गेलेला. नोकरी संपली तरी अंगातला हेलकावा संपला नव्हता. बोलता बोलता मध्येच ते डावीकडे झुकायचे. "करंजी घाट लागला वाटतं," असं आम्ही भाडेकरू डोळ्यांनी एकमेकांना सांगायचो आणि हसू दाबायचो.

मी नगरला आले ती नोकरीसाठी. पाट्यांवर आता अहिल्यानगर असतं, पण आमच्या तोंडात नगरच बसलंय. एमआयडीसीतल्या एका कंपनीत काम, आठवड्याला बदलणारी शिफ्ट. मी कोपरगावची, उसाच्या घरातली, जिभेला हाड नसलेली. सावेडीकडे खोली शोधायला निघाले आणि चार दिवसांत माझी सगळी मिजास उतरली. एकटी मुलगी? लग्न का नाही झालं? भेटायला कोण कोण येणार? उशिरा आलात तर गेट कुणी उघडायचं? एका काकूंनी चांगला आल्याचा चहा पाजून, गालावरून हात फिरवून नाही म्हटलं. त्या चहाचा मला अजून राग आहे.

काकांनी दारात उभं राहून दोनच प्रश्न विचारले.

"कुठनं आलात?"

"कोपरगावहून."

"कुठवर?"

"म्हणजे?"

"म्हंजे किती दिस ऱ्हानार?"

"नोकरी आहे तोवर."

"मग उभ्या का? बसा की. जागा हाय."

झाली मुलाखत. सामान आणलं तेव्हा माझ्या दारावर पिवळ्या रंगात ताजी अक्षरं होती: 'महिलांसाठी राखीव'. मी म्हटलं, काका, हे काय? म्हणाले, "कुनी इचारलं, ही एकटी इथं कशी, तर पाटी दाखवायची. पाटीशी कोन भांडत न्हाई." खाली राहणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्याच्या दारावर 'ज्येष्ठ नागरिक' होतं. मागच्या खोलीत गॅरेजवर काम करणारा एक मेकॅनिक बायकोसह राहायचा. मुसलमान म्हणून अख्ख्या कॉलनीने त्याला खोली नाकारली होती. त्याच्या दारावर काकांनी रंगवलं होतं, 'आमदार'. "तेवढीच पाटी शिल्लक ऱ्हायली हुती," असं त्यांचं म्हणणं. गल्लीतली सगळी माणसं त्याला आमदार म्हणायला लागली आणि वर्षभरात त्याला खोली नाकारल्याचं कुणाला आठवेना.

जिन्यात एक दोरी होती आणि गॅलरीत पितळी घंटा. एक ठोका म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. नळाला पाणी आलं की डबल बेल, मग आम्ही बादल्या घेऊन पळायचो. पाणी गेलं की सिंगल. भाडेकरूंची भांडणं लागली तरी काका मध्ये पडत नसत, नुसती एकदा दोरी ओढायचे. गंमत अशी की माणसं खरंच थांबायची. एसटीत वाढलेला आपला महाराष्ट्र, घंटेपुढे कुणाचं चालतं! एकदा खालच्या आजोबा-आजींचं आपसात जुंपलं होतं तेव्हाही त्यांनी सिंगल दिली. आजी चिडून म्हणाल्या, "स्टॉप नाहीये हा!" आणि भांडण पुढे चालू ठेवलं. घंटा हरल्याची तेवढी एकच घटना मला माहीत आहे.

काका साधे होते असं मात्र म्हणवत नाही. पंखा तीनच्या पुढे फिरवला की त्यांना खालून कळायचं. संध्याकाळी गेटपाशी उभे राहून ते आम्हाला मोजायचे, आणि कुणी कमी भरलं तर गेट ओढून घ्यायचे नाहीत. वर दुसऱ्या दिवशी उशिराचं कारण चारचौघांत विचारायचे. मला संताप यायचा. पण मी आजारी पडले तेव्हा, मी दिसले नाही हे पहिल्यांदा लक्षात आलं ते त्यांच्याच.

त्यांचा आवडता विषय एकच होता, शहर. त्यांना वाटायचं की शहर कसं वसतं हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही, आणि हा सिद्धांत त्यांनी मला चौकटीला धरून इतक्या वेळा ऐकवला की तो मला तोंडपाठ आहे.

"ताई, शहर म्हंजे स्टँडवर लागलेली गाडी. खाली उभा असतो तवर मानूस बोंबलतो, ओ, सरका की, आत लई जागा हाय. अन् पायरीवर पाय पडला की वळून मागच्याला म्हनतो, बास, फुल्ल झाली! तोच मानूस बरं का. मी आयुष्यभर एकच काम केलं. त्या पायरीवरच्या मानसाला म्हनलो, पुढं सरका."

"आणि खरंच फुल झाली असली तर?"

"कधीच न्हाई झाली," काका म्हणायचे, आणि करंजी घाट घ्यायचे.

काकूंना जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्या होत्या तेव्हा दर उन्हाळ्यात कुरडया घालायच्या. त्या गेल्यावर काका स्वतः घालायला लागले. पुरुषाने कुरडई घालायची म्हणजे कॉलनीला मोठाच विनोद. पण ते मनापासून करायचे. गहू भिजत टाकायचे, रोज पाणी बदलायचे, त्या आंबूस वासाने आमचा जिना भरून जायचा. मग गहू वाटायचे, चीक गाळायचे, आणि उजाडता उजाडता गच्चीवर चुलीवर पातेलं चढायचं. मला एकदा विचारावंसं वाटलं, विकत मिळते की, कशाला एवढं? म्हणाले, "चव काय तिच्यासारखी जमत न्हाई. पन उन्हाळा आला की घरात पसारा तर पडतो. तिचा पसारा हाय तो." मी सोऱ्या दाबायला घेतला.

कॉलनीच्या मागे एक मोकळी जागा होती. आराखड्यात ती बाग होती. प्रत्यक्षात तिथे बाभळी, विटांचे तुकडे आणि एक गंजलेली घसरगुंडी. पलीकडे पत्र्याच्या खोल्यांची ओळ, भाड्याने दिलेली. तिथे बहुतेक पाथर्डीकडची माणसं राहायची. पुरुष बांधकामावर, बायका आमच्याकडे धुणीभांडी करायला. मोकळ्या जागेतून एक पायवाट यायची, ती आमच्या गल्लीत, गल्लीतून शाळेकडे आणि बस थांब्याकडे.

मंगल त्या खोल्यांपैकी एकीत राहायची. आजोबा-आजींकडे ती कामाला यायची. तिचा आणि काकांचा जुना स्नेह. पाथर्डीच्या गाडीवर असताना काकांनी तिच्या आईला गाडीत शेळी चढवू दिली होती. "शेळीचं हाफ तिकीट फाडलं," हे काका प्रत्येक वेळी सांगायचे आणि मंगल प्रत्येक वेळी नव्याने हसायची. लग्नानंतर मंगल आणि तिचा नवरा दर वर्षी ऊसतोडीला जायचे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे मुकादमाच्या भाषेत एक कोयता. आमच्या कोपरगावकडच्या फडांतही ती दोघं येऊन गेली होती. मुलगी शाळेच्या वयाची झाली तशी मंगलने हट्ट धरला, आता कोयता नाही, आता नगर. नवरा नाखुशीने तयार झाला. मुलीचं नाव शाळेत घातलं. ती रोज त्या पायवाटेने जायची आणि मंगल आजींच्या ओट्यावरून ती गल्लीतून शाळेकडे वळेपर्यंत पाहत राहायची.

त्याच सुमारास आमच्या कॉलनीच्या अध्यक्षांना सुरक्षेची काळजी लागली. कुणाच्या तरी ओट्यावरून चपला गेल्या होत्या. माणूस वाईट नव्हता, निवृत्त अधिकारी, नीटनेटका, प्रत्येक गोष्टीला कुलूप घातलं की त्याला झोप लागायची. सभा बोलावली. प्रस्ताव असा की मोकळ्या जागेला पलीकडून उंच भिंत घालायची, आत पार्किंग करायचं आणि येणंजाणं बंद.

काका सभेत मांडवाचा खांब धरून उभे होते.

"काका, बसून बोला ना," अध्यक्ष म्हणाले.

"सवय न्हाई. एक इचारतो. ती बागेची जागा हाय ना?"

"बाग झाली का इतक्या वर्षांत?"

"न्हाई झाली. पन वाट झाली. मानसं चालली अन् वाट झाली. ती बंद करून मानसांनी जायचं कुठनं?"

"बायपासवरून जातील. रस्ता सगळ्यांचाच आहे."

"अध्यक्ष, तुमी ह्या कॉलनीत आलात तवा रस्ता न्हवता. ह्याच वाटंनं, असल्याच मानसांच्या डोक्यावरनं तुमचं सामान आलं. मी हुतो की इथं. आता तुमी पायरीवर उभं राहून फुल्ल झाली म्हनताय. पुढं सरका."

लोक हसले. टाळ्याही पडल्या. आणि मग सगळ्यांनी भिंतीच्या बाजूने हात वर केले. काका महापालिकेत खेटे घालून आले. तिथे 'बघतो' म्हणाले आणि बघितलं नाही.

मंगल जिन्यात येऊन उभी राहिली ती संध्याकाळ मला आठवते. ओरडली नाही, रडली नाही.

"काका, भिंत झाल्याव लेकीला बायपासनं धाडावं लागंल. डंपर कसे जात्यात तिथनं, बघितलंय ना? आमचं मानूस म्हनतंय, त्यापरीस कोयता बरा. फडात पोरगी डोळ्यांम्होरं तरी ऱ्हाती. दसरा झाला की मुकादम येनार हाय इचारायला. म्या काय सांगू?"

काका चौकट धरून उभे होते. झुकले नाहीत. मग म्हणाले, "गहू किती भिजवू यंदा?"

मला त्यांचा खरंच राग आला. बाईचं घर उठायची वेळ आली आणि याला कुरडई सुचतेय!

दुसऱ्या दिवसापासून काका कॉलनीत दारोदार हिंडायला लागले. भिंतीविषयी अवाक्षर नाही. विषय एकच. "वहिनी, यंदा वाळवनाचं कसं करनार? गच्चीवर तुमच्या सोलर बसलं, टाक्या बसल्या. ऊन कुठं ऱ्हायलंय? असं करा, मागं मोकळ्या जागेत घाला. जागा मी झाडून घेतो. भट्टी माझी, पातेलं माझं. पलीकडच्या बाया हाताखाली येत्यात. त्यांचे हात लई चलाख."

बायकांना हवं तेच मिळालं. कितीतरी जणींनी वाळवण सोडून दिलं होतं, जागा नाही आणि एकटीच्याने होत नाही म्हणून. ज्या माणसाला कॉलनी हसायची त्याच्या गच्चीवर आता पाळीने गव्हाचे डबे यायला लागले. आमदाराच्या बायकोने शेवयांचं कबूल केलं. मंगल म्हणाली, बाजरीच्या खारोड्या माझ्याकडं. आणि अध्यक्षांच्या पत्नी, साऱ्या कॉलनीच्या वहिनी, ज्या गेल्या वर्षी दुकानातल्या कुरडया आणून घरच्या म्हणून वाढताना पकडल्या गेल्या होत्या, त्यांनी सगळ्यांत मोठा डबा धाडला. अध्यक्ष तेव्हा मुलाकडे पुण्याला होते. भिंतीचं काम कुणाला द्यायचं, कधी सुरू करायचं, सगळं त्यांनी फोनवरून ठरवलं होतं. मुहूर्त काढला तो ऐन वैशाखातला. ज्याने आयुष्यात एकदाही पापडाची राखण केलेली नाही, असाच माणूस तो मुहूर्त काढू शकतो.

ठेकेदाराची माणसं आदल्या दिवशी येऊन पांढरी फक्की मारून गेली. भिंत कुठून जाणार ती रेघ सगळ्यांना दिसली. काकांनी तिच्याकडे पाहिलं आणि जुन्या साड्या मोजायला लागले.

सकाळी उजाडायच्या आत भट्टी पेटली होती. चीक ढवळायला ताकद लागते. ढवळत होता मेकॅनिक, आणि मंगलचा नवरा त्याला पाळी देत होता. गरम चिकाचा वास साऱ्या कॉलनीवर पसरला. बायका दोन्ही बाजूंनी आल्या. कुणी सोऱ्या भरतंय, कुणी दाबतंय, कुणी प्लॅस्टिकचे कागद आणि जुन्या साड्या ताणून दगड ठेवतंय. जी बाई मंगलला 'ए' म्हणून हाक मारायची ती विचारत होती, "मंगल, तुझी अशी गोल कशी पडते गं? मला दाखव ना." आणि काका मधोमध उभे, एक हात बाभळीच्या फांदीला, दुसऱ्या हाताने जागा वाटत होते. "पुढं सरका. तुमची इकडं. तुमची तिकडं. अध्यक्षीण वहिनी, तुमी इथं या, इथं ऊन एक नंबर."

मी खाली पाहिलं. वहिनींची साडी बरोबर फक्कीवर ताणली होती. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी काकांकडे पाहिलं. त्यांनी घाट घेतला.

नवाच्या सुमाराला जेसीबी आला. त्याच्यामागे अध्यक्षांची गाडी, पुण्याहून थेट. समोर फक्की नव्हतीच. होती ती ओली, पांढरी, गोल गोल कुरडई, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

जेसीबीचा ऑपरेटर खाली उतरला. पहिल्या साडीपाशी आला, पायातल्या चपला काढल्या आणि उभा राहिला.

"हे काय चाललंय?" अध्यक्ष म्हणाले.

"वाळवन हाय साहेब," ऑपरेटर म्हणाला.

"दिसतंय मला. उचलायला सांगा. अर्ध्या तासात मोकळं करा."

कुणीच हललं नाही. तेवढ्यात वहिनी उठल्या, चिकाने माखलेले हात तसेच धरून नवऱ्यासमोर आल्या.

"काय उचला म्हणालात?"

"अगं, तू इथं काय करतेस?"

"ओल्या कुरडईला हात लावला की तिचा लगदा होतो. हे तुम्हाला माहीत नाही, कारण आजवर तुम्ही ती तळलेलीच पाहिलीत. मध्यरात्रीपासून जागी आहे मी. एक मोडली ना, तर घरी यायचं नाही."

"पण भिंत..."

"वाळू दे आधी."

अध्यक्षांनी ऑपरेटरकडे पाहिलं. तो हात जोडून म्हणाला, "साहेब, खडक सांगा, फोडतो. अन्नावरनं गाडी घालनार न्हाई. आईला कळलं तर घरात घ्यायची न्हाई मला." मंगलने त्याला वाटीभर गरम चीक दिला, वर साखर. तो जेसीबीच्या चाकाला टेकून खात बसला. जरा वेळाने मंगलने अध्यक्षांनाही वाटी दिली. ते ती हातात धरून उभे राहिले, काय करावं ते न कळून, आणि शेवटी त्यांनी खाल्ली.

कुरडई वाळली तोवर पापड पडले. पापड उचलले तोवर खारोड्या. मग शेवया, मग सांडगे, मग मिरच्या. काकांनी क्रम असा लावला होता की जमीन एक दिवस रिकामी राहिली नाही. राखणीला दोन्हीकडच्या बायका पाळीने बसायच्या, कावळे हाकलायच्या आणि गप्पा मारायच्या. ठेकेदार दोनदा डोकावून गेला आणि पावसाळ्याआधी हातची कामं जाऊ नयेत म्हणून दुसरीकडे कामाला लागला.

पुढच्या सभेला पहिल्यांदाच बायका आल्या. अध्यक्षांनी विषय वाचला. पहिला प्रश्न त्यांच्याच घरातून आला.

"भिंत घातली तर पुढच्या वर्षी वाळवण कुठं घालायचं? आणि मंगलनं यायचं कुठून?"

हात पुन्हा वर झाले, या वेळी भिंतीच्या विरुद्ध. अध्यक्षांनी स्वतःचाही हात वर केला, जरा उशिरा, पण केला. नंतर तेच मागे लागले आणि पायवाटेवर फरशा बसवून घेतल्या. आता कुणालाही सांगताना ते 'आमचा रस्ता' म्हणतात. काकांनी कुठेही श्रेय घेतलं नाही. फक्त प्रत्येक घरातून वाटीभर कुरडई मात्र हक्काने गोळा केली, आणि आम्हा भाडेकरूंना तळून खायला घातली. चव काकूंसारखी नव्हती म्हणे. मी इतकी चांगली कुरडई त्याआधी आणि त्यानंतर खाल्लेली नाही.

दसरा झाला आणि मुकादम आला. त्याचा टेम्पो आमच्या गल्लीत, आमच्याच घरासमोर थांबला, कारण फरशांच्या वाटेवर गाडी जात नव्हती. तो चालत पलीकडे निघाला होता, पण मंगल आजींच्या ओट्यावरच होती.

"आवरलं का गं? तुमचा कोयता धरलाय मी यंदाबी. फड चालू व्हायला आलाय."

"न्हाई येत आमी."

"आं? दरसाल येता की."

"आता न्हाई. लेक शाळंत गेलीया. चारला येती ती."

"अन् मालक काय म्हनतोय तुझा?"

मंगलचा नवरा वाटेवरून येत होता, डोक्यावर बांधकामाची टोपी. त्याने मुकादमाला रामराम घातला आणि म्हणाला, "ती म्हनती तेच. हितं घर हाय आमचं."

मुकादम माघारी वळून टेम्पोत चढून बसला. ड्रायव्हर इंजिन चालू ठेवून त्याच्याकडे पाहत राहिला, अजून कुणी यायचंय की काय म्हणून.

आम्ही सगळे गॅलरीत गर्दी करून उभे होतो. काकांनी मागून दोरीला हात घातला आणि ओढली. टण टण. ड्रायव्हरने वर पाहिलंसुद्धा नाही. सवयीने गिअर टाकला आणि रिकामा टेम्पो निघाला. खाली मंगल इतकी हसली की तिला ओट्यावर बसावं लागलं.

काका पाय फाकवून, एक हात वर चौकटीला धरून उभे होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचा पत्ता नव्हता.

"काय गर्दी करताय दारात," ते आम्हाला म्हणाले. "पुढं सरका. लेकरू येईल आता शाळेतनं."